दुसऱ्या शनिवारचा रशिया

रशियाच्या इतिहासात आजवर जे काही घडलं त्यातलं निम्मं तरी आमच्या मामेसासऱ्यांना विचारून घडलं असावं, अशी माझी पक्की समजूत आहे. जे त्यांना न विचारता घडलं ते चुकलं, हे तर ते स्वतःच सांगतात. कुठल्या राणीनं कुणाशी लग्न करायला नको होतं, कुठल्या सेनापतीनं आणखी थोडी कळ काढायला हवी होती, कुठल्या देवळाच्या घुमटाला सोनेरीऐवजी निळा रंग दिला असता तर तो संध्याकाळी अधिक खुलला असता, या सगळ्या बाबतींत मामांचं मत तयार असतं आणि ते ऐकायला रशियातलं कुणी हजर नसल्यामुळे आम्हाला ऐकावं लागतं. आम्ही म्हणजे येलहंक्यातल्या त्यांच्या अपार्टमेंटमधली पंचवीस-तीस माणसं आणि व्हाइटफील्डहून अख्खं बेंगळुरू आडवं कापत तिथवर पोचणारे आम्ही दोघं नवरा-बायको. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी तिथल्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मामा रशियन इतिहास आणि कला यांवरचे माहितीपट दाखवतात. नुसतं दाखवून ते थांबत नाहीत, पण त्याबद्दल पुढं सांगतो.

मामा मूळचे निपाणीचे. नोकरीसाठी म्हणून बेंगळुरात आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, दारात कन्नड आणि राग आला की दोन्ही. आमचं लग्न ठरलं तेव्हा बायकोकडच्या सगळ्या मंडळींनी मला पगार विचारला, पत्रिका मागितली आणि पुण्यातलं घर स्वतःचं की भाड्याचं याची चौकशी केली. मामा तेवढे कोपऱ्यात चहा पीत बसले होते. निघताना त्यांनी मला दारापाशी गाठलं आणि विचारलं, "बर्फ बघितलाय काय कधी?"

मी म्हटलं, "हो, मनालीला."

"तो नव्हं. तो फोटो काढायचा बर्फ. ज्यात राहावं लागतंय तो बर्फ बघितलाय काय?"

मी नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंना, म्हणजे त्यांच्या बहिणीला, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोरगा सरी आहे गं, चालंल. शिकवता येईल अजून." एवढ्या तपासणीवर माझं लग्न झालं, हे मी आजही मित्रांना सांगतो.

तपासणी हा शब्द मी उगाच वापरला नाही. मामांची सगळी नोकरी एका मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. तयार होऊन आलेला भाग मापात आहे की नाही हे बघायचं आणि केसाएवढाही फरक असला तर परत पाठवायचा, हे त्यांचं काम. कारखान्यात रशियन यंत्रं आली तेव्हा ती शिकून घेण्यासाठी ऐन तरुणपणी त्यांना रशियातल्या एका गावात धाडण्यात आलं. तिथं त्यांनी अख्खा एक हिवाळा काढला. हॉस्टेलातली खोल्या तापवायची व्यवस्था नेमकी रविवारी बिघडायची. बरोबरची मंडळी रजयांत शिरून पत्ते खेळत बसायची. मामांना पत्ते येत नव्हते. ते ऊब शोधत बाहेर पडले आणि ज्या पहिल्या गरम इमारतीचं दार उघडं दिसलं तिच्यात शिरले. ते चित्रांचं संग्रहालय निघालं. "ऊब म्हणून गेलो होतो, जावईबापू," मामा सांगतात. "नुसतं उभं राहिलं तर हाकलतील की. म्हणून चित्र बघितल्यासारखं केलं. करता करता खरंच बघायला लागलो." प्रत्येक दालनात राखणीला एकेक आजीबाई खुर्ची टाकून बसलेल्या असत. त्यांतल्या एकीनं या काळ्यासावळ्या पोराला चित्राला नाक लावून उभं असलेलं बघितलं आणि दंडाला धरून मागं ओढलं. मग आणखी मागं ओढलं. आता बघ, म्हणाली. मामांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचं सगळं शिक्षण तेवढ्या अंतरात झालं. पुढं हिवाळाभर दर रविवारी ते तिथं जात राहिले, आणि हॉस्टेल तापलेलं असलं तरी जात राहिले.

गंमत अशी की कलेचं वेड लागलं तरी तपासणी विभाग सुटला नाही. मामा चित्र बघतात ते डोळा बारीक करून, मान एका बाजूला कलती करून, हातात जणू मापाचं हत्यार आहे अशा थाटात. एखाद्या देवळाचे घुमट पडद्यावर आले की पहिला शेरा असतो, "गोलाई पास." संगमरवरी पुतळा आला की, "कोपराजवळ स्वल्प घासायला पाहिजे होतं. घाई केली." एकदा एका झारच्या सिंहासनाला त्यांनी सरळ नापास केलं, कारण त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड होता असं त्यांना दिसत होतं. शेजारी बसलेल्या कुणीतरी म्हटलं, कॅमेरा तिरका असेल. "कॅमेरा पण नापास," मामा म्हणाले.

या कार्यक्रमाला जाणं म्हणजे नुसतं जाऊन बसणं नव्हे. रशियन संग्रहालयांत लाकडी फरशी खराब होऊ नये म्हणून बुटांवरून कापडी खोळी चढवायची पद्धत असते. मामांनी ती बघितली आणि आयुष्यभरासाठी उचलली. येलहंक्याच्या हॉलमधली फरशी साधी टाइल्सची आहे, तिला रणगाड्यानंही काही झालं नसतं, पण खोळी घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. या खोळी मामींनी घरातल्या जुन्या पडद्यांच्या शिवल्या आहेत. त्यामुळे आमच्यापैकी काहींच्या पायांवर सूर्यफुलं असतात आणि काहींच्या पायांवर बदकं. दुसरी पद्धत कोटाची. तिकडं नाटकाला किंवा संग्रहालयात गेलं की आधी ओव्हरकोट दारापाशी जमा करायचा आणि बिल्ला घ्यायचा. बेंगळुरात ओव्हरकोट आणायचा कुठून? पण नियम म्हणजे नियम. दाराशी टेबल मांडून मामी बसतात, समोर पितळी बिल्ल्यांचा डबा, आणि येणाऱ्या प्रत्येकानं काही ना काही जमा केलंच पाहिजे. हेल्मेट, छत्री, लॅपटॉपची पिशवी, स्वेटर, काहीच नसलं तर रुमाल. एकदा मी मोकळ्या हातानं गेलो तर मामींनी माझं मनगटावरचं घड्याळ ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, "द्या हो. तुम्ही काही दिलं नाही तर ते सुरू करणार नाहीत, आणि सुरू केलं नाही तर संपायचं कधी?"

अपार्टमेंटचे सेक्रेटरी एकदा आवाज फार होतो अशी तक्रार करायला तावातावानं खाली आले. मामींनी त्यांच्या हातातला टॉर्च जमा करून घेतला, बिल्ला दिला आणि पायांत बदकं चढवली. तेवढं झाल्यावर माणसाला भांडता येत नाही. सेक्रेटरी गुपचूप मागच्या रांगेत बसले, लाकडी देवळांवरचा अख्खा माहितीपट बघितला आणि जाताना मामांना म्हणाले, एकही खिळा न ठोकता एवढं देऊळ उभं करतात म्हणजे कमाल आहे. तक्रार राहूनच गेली. तेव्हापासून ते नेमानं येतात.

आता मुख्य गोष्ट. हे माहितीपट रशियनमध्ये असतात. तिकडच्या कारखान्यातल्या एका जुन्या मित्रानं मामांना ते पाठवलेले आहेत, सगळे मिळून सात-आठ, आणि तेच आलटून पालटून लागतात. त्यांना सबटायटल नाहीत. म्हणून मामा पडद्याशेजारी रिमोट घेऊन उभे राहतात, दर मिनिटा-दोन मिनिटांनी चित्र थांबवतात आणि अर्थ सांगतात. मामांचं रशियन यंत्रांची पुस्तकं वाचण्यापुरतं होतं, ते त्यांनी पुढं नेटानं वाढवलं, पण अर्थ सांगणं ही त्यांच्या लेखी किरकोळ बाब आहे. पडद्यावरचा माणूस चार शब्द बोलतो आणि मामा दहा मिनिटं. तो म्हणतो, त्या वर्षी राजवाड्याला आग लागली. मामा पॉझ दाबतात. मग आग कुठल्या खोलीत लागली, पहिला धूर कुणाला दिसला, राणी कुठली शाल पांघरून बाहेर आली, बाहेर थंडी किती होती, एवढी की पाण्याच्या बादल्या फेकायच्या आधी गोठत होत्या, हे सगळं मराठीत सांगून होतं, मग कन्नडमध्ये होतं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या केरळी जोडप्यासाठी थोडं इंग्रजीत. रशियातली कुठलीही गोष्ट सांगताना मामांचं माप निपाणीचं असतं. तिकडची सगळ्यात मोठी नदी म्हणजे आपली वेदगंगाच, स्वल्प रुंद. सैबेरिया म्हणजे तवंदी घाट ओलांडला आणि पुढं गाव लागलंच नाही, तसं. त्यामुळे आमच्यातल्या पुष्कळांना रशिया अजिबात परका वाटत नाही, निपाणी मात्र बघायची राहिली आहे.

मामांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना सगळे अक्का म्हणतात. मातृभाषा कन्नड, पण मामींच्या संगतीनं मराठी उत्तम समजतं आणि बऱ्यापैकी बोलताही येतं. त्या पहिल्या रांगेत बसतात आणि मामांच्या चुका पकडतात. एकदा आगीच्याच माहितीपटाच्या वेळी त्यांनी हात वर केला. "मामा, मागच्या टायमाला तुम्ही राणी रडली म्हणून सांगितलं. आज हसली म्हणता."

"मागच्या वेळी स्वल्प घाईत होतो," मामा शांतपणे म्हणाले. "आधी हसली होती, अक्का. ते सांगायचं राहिलं होतं."

हॉलमध्ये चहा मिळतो तोही रशियन पद्धतीनं, दुधाशिवाय, लिंबाची चकती टाकून, आणि बरोबर चमचाभर जॅम. जॅम चाटत चहा प्यायचा असतो हे मामांनी अनेकदा करून दाखवलं, पण मामी जोडीला भडंग देतात आणि भडंगाबरोबर जॅम जात नाही, म्हणून लोक जॅमच्या वाट्या खुर्चीखाली सारून ठेवतात आणि मुंग्या होतात. डिसेंबरात मामा हॉलच्या सगळ्या खिडक्या उघडतात. स्वल्प गारठल्याशिवाय हा इतिहास कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मामी घरातल्या शाली खाली आणतात. आणि या सगळ्यावर मामांचा आवाज. उभी हयात यंत्रांच्या खडखडाटात बोलण्यात गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. गेटवरच्या वॉचमनला खुर्ची न सोडता झारांची वंशावळ पाठ झाली होती.

गेल्या वर्षाच्या शेवटी तो आवाज बसला. मामांनी आधी लिंबाला दोष दिला, मग जॅमला, मग व्हाइटफील्डच्या धुळीला, जी आम्ही आमच्याबरोबर आणतो. मामींनी काढे दिले. फरक पडेना तेव्हा माझ्या बायकोनं त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. स्वरयंत्रावर गाठ होती. ती काढावी लागली. सुदैवानं साधी निघाली, भीतीचं काही नव्हतं, पण डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. महिनाभर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आणि महिन्यानंतर आवाज पहिल्यासारखा येईलच असं नाही. ऐकून मामांनी मान डोलावली, दवाखान्यातून बाहेर आले आणि गाडीत बसेपर्यंत रस्त्यावरच्या एका पाटीकडे बघत राहिले. त्या दिवशी मामींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हा माणूस बोलला नाही तर करणार काय हो?"

मौन मामांनी पाळलं, पण आपल्या पद्धतीनं. रिमोट त्यांच्या हातातून सुटला नाही. मामी बोलायला लागल्या आणि मामांना त्यात काही दुरुस्ती सुचली की ते रिमोट मामींच्या दिशेनं धरून पॉझचं बटण दाबत. मामी थांबत नसत. मग ते जोरात दाबत. इकडं कॅलेंडरवर मार्चातला दुसरा शनिवार जवळ येत होता. अपार्टमेंटच्या हॉलचा नियम असा की ज्याची वेळ ठरलेली आहे त्यानं ती एकदा जरी चुकवली तरी पुढं रांगेत असलेल्याला मिळते, आणि रांगेत झुंबावाले वर्षभर उभे होते. सेक्रेटरी मनानं आमच्या बाजूचे, पण नियम त्यांनीच केलेला. मामांना मी विचारलं, या वेळी सोडून द्यायचं का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय तिथंच बंद केला.

मग मला वाटलं, आपण कॉम्प्युटरवाले आहोत तर कधीतरी उपयोगी पडावं. मामांनी त्या शनिवारसाठी कुठला माहितीपट ठरवलाय ते मी विचारून घेतलं आणि तो घरी आणून, कॉम्प्युटरला कामाला लावून, चार रात्री खटपट करून मराठी सबटायटल घातले. कन्नडही घातले. मामांना दाखवले तेव्हा त्यांनी दोन मिनिटं बघितलं, मान कलती केली, आणि अंगठा ना वर केला ना खाली. इतक्या वर्षांत मामांनी कशाला पास-नापास म्हटलं नाही असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

माहितीपट होता युद्धाच्या काळातला. शहराला वेढा पडलेला, बॉम्ब पडताहेत, म्हणून एका मोठ्या संग्रहालयातली चित्रं पेट्यांत भरून दूर सुरक्षित जागी पाठवलेली. पण जाताना चित्रांच्या चौकटी तशाच भिंतींवर ठेवलेल्या, रिकाम्या. आणि मदतीला आलेल्या सैनिकांना तिथला एक माणूस त्या रिकाम्या चौकटींसमोरून फिरवतो. इथं अमुक चित्र होतं, त्यात असा उजेड होता, असा चेहरा होता, असं एकेक सांगत जातो. हा मामांचा सगळ्यात आवडता माहितीपट. एरवी तो दाखवायला त्यांना तीन तास तरी लागत.

शनिवारी सगळे आले. हेल्मेटं जमा झाली, पायांत खोळी चढल्या. मामा सवयीप्रमाणे पडद्याशेजारी उभे राहिले. माहितीपट सुरू झाला आणि लोक वाचू लागले. पडद्यावरचा माणूस बोलत होता, खाली ओळी येत होत्या, जात होत्या. कुणी हसलं नाही, कुणी हात वर केला नाही. कुठंतरी भडंगाचा पुडा चुरचुरला तर सगळ्यांनी वळून बघितलं. सगळं स्वच्छ कळत होतं आणि मला आपण काहीतरी बिघडवून ठेवलंय असं वाटत होतं. इतकी वर्षं जो रशिया आम्ही बघत आलो तो हा नव्हता. हा फारच थोडक्यात होता.

मग रिकाम्या चौकटी आल्या. मामांनी पॉझ दाबलं. ते हातानं आपसूक झालं असणार. मामा दोन पावलं पुढं आले, श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि मग त्यांना आठवलं. तोंड मिटून ते तसेच उभे राहिले. मागं पडद्यावर सोनेरी चौकटी आणि खाली माझी एक ओळ गोठून राहिली होती, "चित्रे हलवण्यात आली, चौकटी तशाच ठेवण्यात आल्या." मामांनी रिमोटकडे बघितलं. पुढं सुरू करायचं बटण दाबायला त्यांचा अंगठा धजेना. मला उठून जावंसं वाटलं आणि उठताही येईना.

"इथं तो माणूस शिपाई लोकांना घेऊन येतो," पहिल्या रांगेतून अक्का म्हणाल्या. "होय ना मामा?"

मामांनी मान डोलावली.

अक्का उठल्या. इतकी वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई, उभं राहिल्यावर त्यांना थांबवणं अवघड. त्यांनी कन्नडमध्ये सुरू केलं, मग मराठीत. बाहेर बर्फ किती, आत काचा फुटलेल्या, जमिनीवर पाणी गोठलेलं, शिपाई पोरगेलेसे, कधी चित्र न बघितलेले. त्यांतल्या एकाची टोपी कानावरून घसरत होती हेसुद्धा त्यांनी सांगितलं. हे माहितीपटात नाही. हे मामांचं. मग त्या म्हणाल्या, "पहिल्या चौकटीत एक म्हातारा होता."

"म्हातारा नव्हता न अक्का," मागच्या रांगेतला नागपूरचा एक तरुण म्हणाला. तो आमच्यासारखाच आयटीतला, तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारा. "आई अन् लेकरू होतं. मामांनी सांगितलं होतं न, लेकराचा पाय चादरीतून बाहेर होता म्हणून."

"म्हातारा," अक्का म्हणाल्या.

सेक्रेटरींना वाटत होतं तिथं घोडा होता. केरळी जोडप्यानं फळांची परडी म्हटलं. हॉलमध्ये चारी बाजूंनी बोलणं सुरू झालं आणि मामा दोन्ही हात हलवून काहीतरी दाखवत होते, बोट डावीकडे, मग वर, मग छातीशी, आणि कुणालाच ते उलगडत नव्हतं. तेव्हा दाराजवळच्या टेबलामागून मामींचा आवाज आला. समोरचं हेल्मेट बाजूला सरकवून त्या म्हणाल्या, "डावीकडच्या चौकटीत आई आणि मूल. मुलाचा पाय बाहेर आहे, बरोबर आहे त्याचं. म्हातारा पुढच्या दालनात आहे, खिडकीशी. आणि घोडा या माहितीपटात नाहीच, घोडा गेल्या मे महिन्यात लागला होता त्या माहितीपटात आहे. इतकी वर्षं ऐकतेय मी." मग त्यांनी आईच्या ओढणीचा रंग सांगितला, उजेड कुठून येत होता ते सांगितलं, आणि चित्रासमोर कुठं उभं राहिलं म्हणजे ती आपल्याकडे बघते आहे असं वाटतं, तेही सांगितलं.

मामा खाली बसले. पहिल्या रांगेत अक्कांची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसले. मी त्यांना त्या हॉलमध्ये बसलेलं कधी बघितलं नव्हतं. ते पडद्याकडे बघत नव्हते, वळून सगळ्यांकडे बघत होते, एकानंतर एक बोलणाऱ्या माणसांकडे, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी बायकोचा हात धरला. माझी सबटायटलची ओळ पडद्यावर तशीच होती आणि ती कुणीही वाचत नव्हतं.

महिना संपला. डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. आवाज आला, पण तो पहिला आवाज परत आला नाही. कागद घासल्यासारखा एक बारीक, खरखरीत आवाज राहिलाय, तोही जवळ गेलं तरच कळतो. डॉक्टर म्हणाले आता हा असाच राहील. एप्रिलमधल्या दुसऱ्या शनिवारी मी ऑफिसातून एक छोटा माइक घेऊन गेलो, कॉलरला लावायचा. मामांनी तो बोटांत धरून, मान कलती करून नीट तपासला आणि माझ्या हातात परत दिला.

"संग्रहालयात कुणी ओरडतं होय, जावईबापू?" ते त्या नव्या आवाजात म्हणाले. "हळूच बोलायचं असतं. रीत आहे ती." जन्मभर ज्या माणसानं सगळ्या येलहंक्याला ऐकू जाईल असं बोलून दाखवलं, त्याचा चेहरा हे सांगताना जराही हलला नाही.

माहितीपट सुरू झाला. पहिल्याच मिनिटाला मामांनी पॉझ दाबलं आणि सांगायला सुरुवात केली. ओठ हलताना दिसत होते. लोकांनी खुर्च्या पुढं ओढल्या, मग आणखी पुढं ओढल्या, तरी शब्द पोचेनात. मामा एकदा थांबले, घसा खाकरला, पुन्हा सुरू केलं, आणि मला वाटलं आता ते माइक मागतील. तेव्हा सेक्रेटरी उठले आणि भिंतीपाशी जाऊन त्यांनी हॉलमधले सगळे पंखे एकेक करून बंद केले. एप्रिलचा उकाडा होता. आम्ही तिथं घाम पुसत बसलो, आणि मामा सांगत होते ते ऐकू येऊ लागलं.